प्रथिनांचे कुळ आणि यंत्राची पारख

आपण डॉक्टर मंडळी दिवसभरात जितक्या चिठ्ठ्या लिहितो, त्यांतील चार-दोन चिठ्ठ्यांवर तरी असे एखादे औषध असते, की जे थेट जनुकांच्या कारभारात हात घालते. दम्याच्या झटक्यासाठी दिलेले प्रेडनिसोलोन, नेफ्रॉटिक सिंड्रोमच्या मुलाचा महिनोन्महिने चाललेला स्टिरॉइडचा कोर्स, जन्मतःच थायरॉइड कमी असलेल्या बाळाची थायरॉक्सिनची गोळी, मधुमेही आजोबांची पायोग्लिटाझोन आणि बालरोगतज्ज्ञाच्या टेबलावर सदैव हजर असणारे ड जीवनसत्त्वाचे थेंब, या सर्वांची कामाची रीत मुळात एकच आहे. औषधाचा किंवा संप्रेरकाचा रेणू पेशीत शिरतो, तेथे जणू त्याचीच वाट पाहत असलेल्या एका प्रथिनाला जाऊन बिलगतो; आणि मग ते प्रथिन डीएनएच्या ठरावीक जागी ठाण मांडून कोणते जनुक जागे करायचे व कोणते निजवायचे, हे ठरवते. या प्रथिनांना आपण न्यूक्लिअर रिसेप्टर म्हणून शिकलो. मराठीत केंद्रकीय ग्राही म्हणावे.

मानवी शरीरात असे केंद्रकीय ग्राही ४८ आहेत. परंतु जनुकांवर हुकूम चालवणाऱ्या प्रथिनांचा एकूण दरबार यापेक्षा पुष्कळ मोठा आहे. सॅम्युअल लँबर्ट, टिमोथी ह्यूज, मॅथ्यू वाइराउख आदी संशोधकांनी २०१८ साली ‘सेल’ या नियतकालिकात मानवाच्या अशा प्रथिनांची एकेक नाव तपासून केलेली यादी प्रसिद्ध केली. तीत १,६३९ नावे आहेत. प्रथिने घडवणारी आपली जनुके सुमारे २०,०००. म्हणजे दर बारा कामगारांमागे एक मुकादम! त्यांतही सातशेहून अधिक मुकादम एकाच घराण्यातले आहेत. जस्ताचा अणू धरून बोटासारखा आकार घेणारे हे ‘झिंक फिंगर’ घराणे. केंद्रकीय ग्राहींनाही जस्ताची बोटे असतात, पण त्यांची घडण निराळी आणि घराणेही वेगळे. (अतिसाराच्या बाळाला आपण चौदा दिवस ज्या झिंकच्या गोळ्या देतो, तेच हे झिंक. एका धातूला निसर्गाने किती कामे लावली आहेत, हे पाहून कधीकधी थक्क व्हायला होते.)

एखादे नवे प्रथिन या दरबारातले आहे की नाही आणि असल्यास कोणत्या घराण्यातले, हे संगणकाला कसे ओळखता येते, हा प्रस्तुत लेखाचा एक विषय. दुसरा विषय असा की, बीदर-कलबुर्गीच्या सीमेवर मुलांचा दवाखाना चालवणाऱ्या माणसाला त्याच्याशी काय कर्तव्य? पहिला विषय समजल्याशिवाय दुसरा उलगडत नाही, म्हणून वैद्यकीय क्षेत्राबाहेरील वाचकांनी प्रारंभीची तीन-चार पाने थोडा धीर धरावा, ही विनंती.

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमायनो आम्लांची माळ. प्रत्येक आम्लाला एकेक अक्षर नेमून दिले, की प्रथिन हा एक लांबलचक शब्द होतो. ड जीवनसत्त्वाचा ग्राही हा ४२७ अक्षरांचा शब्द आहे. १९८५ साली मानवी ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहीची अक्षरमाला प्रथम वाचली गेली, पाठोपाठ १९८६ मध्ये इस्ट्रोजेनच्या ग्राहीची. आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यावर लक्षात आले की ही भावंडे आहेत. पुढे थायरॉइडचा ग्राही, ड जीवनसत्त्वाचा ग्राही असे एकेक नातेवाईक सापडत गेले. या शोधासाठी पिएर शाँबाँ, रोनाल्ड एव्हान्स आणि एल्वुड जेन्सन यांना २००४ सालचे लास्कर पारितोषिक मिळाले. माझ्या एम.बी.बी.एस.च्या काळात, १९९० च्या सुमारास, या साऱ्याला पाठ्यपुस्तकात जेमतेम दीड पान होते आणि परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे, त्यामुळे आम्ही ते पान सुखेनैव उलटत असू.

पुढे जीनोम वाचण्याची यंत्रे आली आणि प्रथिनांच्या अक्षरमाला लाखांनी जमू लागल्या. अक्षरे वाचणे स्वस्त झाले. प्रथिन काय काम करते, हे प्रयोगशाळेत सिद्ध करणे मात्र पूर्वीइतकेच कष्टाचे आणि खर्चाचे राहिले. या दोहोंमधल्या दरीवर पूल बांधण्यासाठी संगणक पुढे सरसावला.

आपल्याकडे या कामाची एक वाट पुण्यातून जाते, हे सांगताना मला आनंद होतो. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने पुणे विद्यापीठात १९८७ साली बायोइन्फॉर्मेटिक्स केंद्र उभे राहिले. ‘सी-डॅक’ १९८८ चे आणि त्यांचा ‘परम ८०००’ हा महासंगणक १९९१ चा. म्हणजे हे केंद्र त्याही आधीचे. तेथील डॉ. अशोक कोळस्कर (ते पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले) आणि तोंगावकर यांनी १९९० साली ‘फेब्स लेटर्स’ मध्ये एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. एखाद्या प्रथिनाचा कोणता भाग प्रतिपिंडांच्या नजरेत भरेल, हे केवळ अक्षरमालेवरून कसे सांगता येईल, याची ती रीत होती. प्रयोगाने सिद्ध झालेल्या जागा घ्यायच्या, त्यांत कोणते अमायनो आम्ल किती वेळा येते ते मोजायचे, त्याला आम्लाच्या भौतिक-रासायनिक गुणांची जोड द्यायची, आणि त्या मापाने नवे प्रथिन जोखायचे. अचूकता सुमारे ७५ टक्के. आज मशीन लर्निंग या नावाने जे ओळखले जाते, ते हे नव्हे. पण ‘ठाऊक असलेल्यांवरून शिकून अनोळखी ओळखणे’ हे त्याचे बीज येथे स्पष्ट दिसते. लसींचा आराखडा करणारे संशोधक ही रीत पुढे वर्षानुवर्षे वापरत आले आहेत.

त्यानंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. व्ही. के. जयरामन आणि डॉ. बी. डी. कुलकर्णी हे रासायनिक अभियांत्रिकीतले शास्त्रज्ञ या प्रांतात उतरले. मुंबईच्या आय.आय.टी.तील डॉ. पेटेटी बालाजी व सुसान इडिक्युला-थॉमस यांच्यासह त्यांनी २००६ साली एक पद्धत मांडली : जिवाणूकडून एखादे प्रथिन तयार करवून घेतले तर ते विरघळलेले मिळेल की गठ्ठे होऊन वाया जाईल, याचे भाकीत. औषधनिर्मितीच्या दृष्टीने हा प्रश्न लाखमोलाचा आहे. यासाठी त्यांनी वापरलेले हत्यार म्हणजे ‘सपोर्ट व्हेक्टर मशीन’.

याच हत्याराने जनुकनियंत्रक प्रथिनांचे वर्गीकरण करण्याचे भारतातील ठळक काम चंडीगढच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत झाले. मनोज भसीन आणि डॉ. जी. पी. एस. राघव यांनी ते २००४ साली प्रसिद्ध केले. केंद्रकीय ग्राहींची चार उपकुळे त्यांनी घेतली : थायरॉइडसदृश, एच.एन.एफ.-४ सदृश, इस्ट्रोजेनसदृश आणि फुशी ताराझू. (हे शेवटचे नाव जपानी असून ते फळमाशीच्या एका जनुकावरून आले आहे.) आपला ड जीवनसत्त्वाचा ग्राही यांपैकी पहिल्या उपकुळात बसतो. संगणकाला त्यांनी प्रथिनाचा आकार दाखवला नाही, काम सांगितले नाही. फक्त वीस आकडे दिले : माळेत कोणते अक्षर किती टक्के आहे. एवढ्यावर यंत्राने ८२.६ टक्के वेळा उपकूळ बरोबर ओळखले. मग त्यांनी सुट्या अक्षरांऐवजी शेजारशेजारच्या जोड्या मोजल्या. वीस गुणिले वीस, अशा ४०० जोड्या. अचूकता ९७.५ टक्क्यांवर गेली.

जोड्यांनी एवढा फरक का पडावा, हे मला आमच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून उमगते. आपल्या सीमाभागात बोलीवरून गाव ओळखणे ही काही मोठी विद्या नाही. ‘लेकराला ताप यायलाय’ म्हणणारी आई उदगीर-भालकीकडची, आणि ‘ताप येऊलालाय’ म्हणणारी सोलापूर-अक्कलकोटच्या बाजूची, हे आमच्या परिचारिकेला केसपेपर न पाहता कळते. लेकरू, ताप, दवाखाना हे शब्द दोघींचेही तेच. त्यांत कन्नडची आणि दखनीची भेसळही थोड्याफार फरकाने सारखीच. ओळख पटते ती कशाला काय जोडून येते, त्यावरून. आणि गंमत अशी की परिचारिका आजाराकडे लक्षच देत नसते. अर्थ बाजूला ठेवून ती केवळ घडण ऐकते. भसीन आणि राघव यांचे यंत्र नेमके हेच करते.

आता हे यंत्र सीमारेषा कशी आखते? कलबुर्गीच्या डाळ गिरण्या ज्यांनी आतून पाहिल्या आहेत, त्यांना हे सांगणे सोपे आहे. पूर्वी बायका सुपात डाळ घेऊन काळपट दाणे वेचत. आता ‘सॉर्टेक्स’ यंत्र येणाऱ्या प्रत्येक दाण्याची छबी टिपते आणि नको असलेला दाणा हवेच्या फुंकरीने बाजूला उडवते. चांगला कोणता, वाईट कोणता, हे प्रथम कोणीतरी जाणकाराने ठरवून द्यावे लागते. बटबटीत काळा आणि स्वच्छ पिवळा दाणा ओळखण्यात काही नवल नाही. कसोटी लागते ती सीमेवरच्या दाण्यांपाशी. १९९५ साली कोरिना कॉर्टेस आणि व्लादिमिर वॅपनिक यांनी मांडलेल्या सपोर्ट व्हेक्टर मशीनची कल्पना हीच, की दोन गटांमधला बांध असा घालावा की दोन्ही बाजूंच्या सीमेवरच्या दाण्यांपासून तो शक्य तितका दूर राहील. बांधाची जागा ठरते ती त्या काठावरच्या मोजक्या दाण्यांमुळे. गटाच्या मध्यावर सुखाने पडून असलेल्यांची त्यात काही भूमिका नसते. डाळीला रंग आणि आकार अशी दोन-चार मापे असतील, प्रथिनाला येथे ४०० आहेत, एवढाच भेद. चारशे मापांचा बांध मनश्चक्षूंनीही पाहता येत नाही, पण गणिताला त्याची अडचण वाटत नाही.

९७.५ टक्के ऐकून आपल्यापैकी अनेकांच्या भुवया उंचावल्या असतील. त्या तशाच उंचावलेल्या राहू द्याव्यात, असे माझे मत आहे. अशा कामात कसोटी अशी घेतात : सर्व प्रथिनांचे पाच समान वाटे करायचे, चार वाट्यांवर यंत्राला शिकवायचे, पाचव्यावर परीक्षा घ्यायची, आणि असे पाच वेळा आळीपाळीने करायचे. रीत प्रामाणिक आहे. तथापि परीक्षेच्या वाट्यातले प्रथिन शिकवणीच्या वाट्यातल्या प्रथिनाचे चुलत भावंड असेल, तर यंत्र हुशार ठरते की केवळ चेहरेपट्टी ओळखणारे, हे सांगणे कठीण. माणसाचा ग्राही शिकवला आणि उंदराचा विचारला, तर तो जवळजवळ तोच शब्द असतो. म्हणून या विद्याशाखेत जवळचे नातेवाईक आधीच गाळून मगच परीक्षा घ्यावी, असा दंडक हळूहळू रूढ झाला. मेटा-अ‍ॅनालिसिस वाचताना आपण जसे आधी ‘रुग्ण कोण होते’ ते पाहतो, तसे यंत्राची टक्केवारी वाचताना आधी ‘नातेवाईक गाळले होते का’ ते पाहावे.

पुढची प्रगती झपाट्याची आहे. २००७ साली राघव यांच्याच गटाने प्रथिनाच्या उत्क्रांतीचा आलेख यंत्राला पुरवून डीएनएला चिकटणारी प्रथिने ओळखण्याची पद्धत दिली. २०२१ साली दक्षिण कोरियातील सांग युप ली यांच्या गटाने अमेरिकेतील बर्नहार्ड पॉल्सन यांच्यासह ‘डीप-टी-फॅक्टर’ आणले; त्याने ई. कोलाय या आपल्या जुन्या ओळखीच्या जंतूत ३३२ जनुकनियंत्रक प्रथिने दाखवली. त्यांतील ८४ प्रथिनांचे काम तोपर्यंत अज्ञात होते आणि तिघांची खात्री प्रयोगाने करून घेण्यात आली. मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गात रोज कल्चर-रिपोर्टवर ज्याचे नाव आपण वाचतो, त्या जंतूचे इतके मुकादम इतकी वर्षे अंधारात होते!

एवढ्या प्रस्तावनेनंतर माझ्या दवाखान्याकडे वळतो.

२०२२ च्या पावसाळ्यात आमच्या भागातील एका खेड्यातून अडीच वर्षांची मुलगी आणली गेली. पाय धनुष्यासारखे वाकलेले, मनगटे रुंद, बरगड्यांवर मण्यांची माळ. मुडदुसाचे निदान दारातूनच व्हावे, असे चित्र. चालणे तर सोडाच, उभे केले की रडत असे. परंतु घरच्यांच्या लेखी खरी तक्रार पायांची नव्हती, डोक्याची होती. तिच्या डोक्यावर एक केस नव्हता, भुवयाही विरळ. अकराव्या महिन्यात तुळजापूरला जावळ काढले, तेव्हापासून केस परत आलेच नाहीत, असे आजी सांगत होती. नवस फेडण्यात काहीतरी उणे राहिले, असा तिचा ठाम समज होता, आणि तो उणेपणा सुनेच्या माथी मारला गेला होता. ड जीवनसत्त्वाचे सहा लाख युनिटांचे डोस मुलीला निरनिराळ्या ठिकाणी तीनदा देऊन झाले होते.

मुडदूस आणि टक्कल ही जोडी पाहिली की प्रत्येक बालरोगतज्ज्ञाने थांबावे. कॅल्शियम खाली, अल्कलाइन फॉस्फटेज व पॅराथायरॉइड संप्रेरक चढलेले, २५-हायड्रॉक्सी ड मुबलक, आणि १,२५-डायहायड्रॉक्सी ड मर्यादेच्या कितीतरी वर. म्हणजे संप्रेरक उदंड, पण त्याचे ऐकणारे कोणी नाही. ग्राही प्रथिनातच दोष. याउलट मूत्रपिंडात १,२५-ड बनवणारे एन्झाइमच नसलेल्या मुलांनाही असाच तीव्र मुडदूस होतो, परंतु त्यांचे केस शाबूत असतात. यावरून एक मोठी गोष्ट कळते : केसाच्या मुळाला ड जीवनसत्त्व नको असते, त्याचा ग्राही मात्र हवा असतो. संप्रेरकाविनाही हा मुकादम त्वचेत स्वतःचे काही काम पाहत असतो. निसर्गाचा हा बारकावा मला आजही चकित करतो.

या विकाराचे मूळ १९८८ साली ‘सायन्स’ मध्ये उलगडले. ह्यूज, मॅलॉय, फेल्डमन, ओमॅली आणि सहकाऱ्यांनी दोन कुटुंबांतील मुलांचे ग्राही प्रथिन तपासले. दोन्ही कुटुंबांत जस्ताच्या बोटाच्या टोकाशी एकेकच अक्षर बदललेले होते. ४२७ अक्षरांत एक. पण बदल नेमका तेथे, जेथे प्रथिन डीएनएला धरते. उपचाराची वाटही तेव्हाच सापडली होती : १९८६ साली सोनिया बाल्सां आणि मिशेल गाराबेदियाँ यांनी दाखवले, की अशा मुलांना रात्री शिरेतून दीर्घकाळ कॅल्शियम दिले तर मुडदूस बरा होतो. ड जीवनसत्त्वाचे मुख्य काम आतड्यातून कॅल्शियम आत घेण्याचे. ते दारच बंद असेल तर खिडकीतून द्यावे, असा साधा विचार. आमच्या मुलीला मोठ्या रुग्णालयात हेच उपचार मिळाले. कित्येक महिन्यांनी ती धरून चालू लागली. नंतर तोंडाने भरपूर कॅल्शियमवर तिचे भागले. केस आले नाहीत, ते येतही नसतात.

तिच्या जनुकतपासणीचा अहवाल आला तो असा : ग्राहीच्या जनुकात जस्ताच्या बोटाच्या भागात एक अक्षर बदलले आहे, दोन्ही प्रतींमध्ये, हा बदल पूर्वी कोणी नोंदलेला नाही, वर्ग : ‘अर्थ अनिश्चित’. चिकित्सकाच्या मनात शंका नव्हती. तथापि प्रयोगशाळा नियमाने बांधलेली असते. २०१५ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा प्रत्येक बदलाला पाचांपैकी एका वर्गात घालावे लागते : रोगकारक, संभाव्य रोगकारक, अनिश्चित, संभाव्य निरुपद्रवी, निरुपद्रवी. पुरावे जमले नाहीत तर मधली चौकट.

उपचार चालूच असल्याने मला त्या चौकटीचे फारसे वाटले नाही. २०२३ मध्ये मुलीची आई पुन्हा गरोदर राहिली, आणि ती चौकट एकाएकी फार मोठी झाली. ‘हे बी लेकरू तसंच व्हईल का, सर?’ हा तिचा प्रश्न. गणिताने उत्तर चारांत एक. पण गर्भजलातून तपासून नक्की सांगायचे, तर अनिश्चित अर्थाच्या बदलावर कोणी जबाबदार तज्ज्ञ निर्णय देत नाही, आणि देऊही नये.

येथे यंत्र पुन्हा येते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘डीपमाइंड’ च्या संशोधकांनी ‘अल्फामिसेन्स’ प्रसिद्ध केले. मानवी प्रथिनांत एका अक्षराचे जे जे बदल संभवतात, ते सुमारे ७ कोटी १० लाख. त्यांतील ८९ टक्क्यांवर यंत्राने मत दिले : ५७ टक्के बहुधा निरुपद्रवी, ३२ टक्के बहुधा घातक. माणसांनी तोवर खात्रीपूर्वक वर्ग ठरवलेले बदल होते फक्त ०.१ टक्का. २००४ चे यंत्र ‘हे प्रथिन कोणत्या घराण्यातले’ हे सांगत होते. २०२३ चे यंत्र ‘या घराण्यातल्या माणसाचे हे एक बोट वाकडे झाले तर तो कामावर राहील का’ हे सांगू पाहते. हे यंत्र शिकते कसे, तेही पाहण्यासारखे आहे. माणसांत व इतर वानरवर्गीयांत वारंवार आढळणारा बदल निरुपद्रवी धरायचा, आणि कोठेच न आढळणारा बदल संशयित.

यातच एक खोच आहे. ‘कोठेच न आढळणारा’ म्हणजे ज्यांचे जीनोम वाचले गेले, त्यांच्यात न आढळणारा. जगाच्या संग्रहांत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा फार मोठा. आपल्याकडे शतकानुशतके जातीत, पोटजातीत आणि बऱ्याचदा घरातल्या घरात सोयरिकी झाल्या. एखादा निरुपद्रवी बदल आमच्या एखाद्या समाजात दर पन्नास माणसांत एकाकडे असू शकेल आणि त्या संग्रहांत त्याचा मागमूस नसेल. सी.एस.आय.आर.ने ‘इंडिजेन’ प्रकल्पात २०१९ मध्ये हजाराहून थोडे अधिक भारतीय जीनोम वाचले; ‘जीनोमइंडिया’ प्रकल्पातील १०,००० जीनोमांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. हे काम एखाद्या नव्या औषधाइतकेच महत्त्वाचे आहे, असे मी मानतो. 

आमच्या मुलीच्या बाबतीत अनुवंशशास्त्रज्ञांनी यंत्राचे मत पाहिले. ते घातकाकडे झुकणारे होते. परंतु त्या एकट्यावर वर्ग बदलला नाही, आणि हे मला फार योग्य वाटले. २०१५ च्या नियमांत संगणकी भाकिताला पुराव्यातली सर्वांत हलकी जागा आहे; नंतरच्या वर्षांत ती थोडी वर सरकली इतकेच. वर्ग बदलला तो चार गोष्टी एकत्र आल्यावर. आई-वडील दोघांकडेही तोच बदल एकेका प्रतीत सापडला. भारतीय संग्रहांत तो नव्हता. यंत्राचे मत जुळत होते. आणि मुलीच्या कागदावर टक्कल, १,२५-ड ची पातळी आणि ड जीवनसत्त्वाला न मिळालेला प्रतिसाद, हे सारे तारखांसह लिहिलेले होते. नवा अहवाल आला तेव्हा २०२४ उजाडले होते, आणि बाळ त्याआधी तीन आठवडे जन्मले होते.

मुलगा झाला होता. जन्मतः डोक्यावर दाट काळे जावळ. पण या विकारात जन्मतः केस असू शकतात, हे मी त्यांना आधीच सांगितले असल्याने कोणी पेढे वाटायची घाई केली नाही. नाळेचे रक्त राखून ठेवले होते. तपासणीत त्याच्याकडे बदल एकाच प्रतीत निघाला, म्हणजे तो आई-वडिलांसारखाच निरोगी वाहक. आजीने त्याचे जावळ मात्र वर्ष उलटले तरी काढू दिले नाही. आता तिचा राग सुनेवर नव्हता. दोन्ही बाजूंनी सारखीच देणगी आहे, हे तिला मुलीच्या बापाचा अहवाल दाखवून मी कन्नड-मराठीची सरमिसळ करत अर्धा तास समजावले होते. यंत्राने केलेल्या सगळ्या कामांत हे काम त्याच्या हिशेबी कोठे धरले जात नसेल.

या निमित्ताने आपल्या सदस्यांना एक व्यवहारातली गोष्ट सांगायची आहे. जनुकतपासणीसाठी रक्त पाठवताना जो अर्ज भरावा लागतो, त्यात बहुधा एक प्रश्न असतो : ‘आई-वडील नात्यातले आहेत का?’ पुढे दोन चौकटी, होय आणि नाही. हा प्रश्न ज्यांनी घातला, त्यांना आपला मुलूख ठाऊक नसावा. बंगळूर व म्हैसूर येथील इस्पितळांत १९८० च्या दशकात नवजात बालकांच्या तपासणीसोबत झालेल्या पाहणीत सुमारे एक तृतीयांश विवाह नात्यातले आढळले होते, आणि त्यांत मामा-भाचीचे विवाह पुष्कळ होते. आत्ये-मामे भावंडांच्या विवाहात अपत्याला एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याचा संभव सोळांत एक. सख्ख्या मामा-भाचीच्या विवाहात तो आठांत एक, म्हणजे बरोबर दुप्पट. ‘होय’ ची खूण केली, की हा भेद पुसला जातो. शिवाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या उलटसुलट सोयरिकी झालेल्या असतात. आजीकडूनही नाते आणि पणजोबांकडूनही. बायका हे सर्व तोंडपाठ सांगतात, विचारायचा अवकाश. मामी हीच बहीण, आणि सासू हीच आजी, हे त्यांच्या बोलण्यात सहज येऊन जाते, आणि आपण केसपेपरवर ‘एन.सी.एम.’ किंवा ‘सी.एम.’ एवढी दोन-तीन अक्षरे टाकून मोकळे होतो.

मी अलीकडे चौकटीत खूण करतो आणि समासात हाताने लिहितो : ‘सख्खा मामा–भाची, मुलाची आजी व पणजी दोघींकडूनही नाते, केस अकराव्या महिन्यापासून नाहीत.’ प्रयोगशाळेतून एकदा फोन आला होता, की समासात लिहू नये, संगणकात ते भरायला जागा नाही. मी त्यांना म्हटले, मग दुसरा कागद जोडतो.